हवापालट

नाशिक सोडून आग्रा रोडनं धुळ्याकडे निघालं की दहावा मैल लागतो आणि मग ओझर. १९६४ साली एचएएलचा कारखाना इथं मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला, म्हणून जुनी माणसं अजून 'ओझर मिग' म्हणतात. ते विमान २०२५च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झालं. भावोजींचे वडील, नाना, त्याच कारखान्यातून त्याच्या बरेच आधी. फरक इतकाच, की निवृत्तीनंतर विमान कुणाला सूचना देत नाही.

आम्ही चांदवडच्या रेणुकामातेला निघालो होतो. डिसेंबरातली सकाळ. ओझर निफाड तालुक्यात येतं, आणि निफाडची थंडी दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर झळकते. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवतात. अशा गारठ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं काहीतरी, मधे उद्गारचिन्ह.

"इंजिन तापलं असेल," ताई शालीतून म्हणाली.

गाडी बाजूला घेतली. सगळे उतरलो आणि प्रत्येकानं एकेका टायरला लाथ मारून पाहिली. निदान कुणाचंच झालं नाही, पण बरं वाटलं. भावोजींनी वर्कशॉपला फोन लावला. तिकडून गाडी न बघताच उत्तर आलं, "सेन्सर गेला. एक बदलून भागत नाही, चारही घ्या. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून चौदा हजारांच्या पुढे जाईल."

"त्या दिव्यावर काळी टेप लावली तर?" भावोजींनी हळूच विचारलं.

पेट्रोल पंपावर हवा फुकट होती आणि मशीन बंद होतं. शेवटी रस्त्याकडेला कानटोपीवाला पंक्चरवाला सापडला. त्यानं टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिवा लुकलुकतो, का सरळ जळतो?"

"सरळ."

"मग सेन्सर शाबूत आहे, दादा. सेन्सर बिघडला की आधी मिनिटभर लुकलुकतो. हवा कधी भरली होती?"

"मे महिन्यात. दुपारी."

"मग बरोबर आहे." पारा पाच-सहा अंश उतरला की साधारण एक पीएसआय कमी होतो, शिवाय महिन्याला थोडी हवा आपसूक जातेच. तेहतीसच्या जागी काटा चोवीसवर आला होता.

"नायट्रोजन भर," नाना पुढे सरसावले. "विमानाच्या चाकात तोच भरतात."

"आहे ना काका. चाकामागे पन्नास."

"साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, नाना," भावोजी म्हणाले. "उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी दोनशे रुपये?"

चाकामागे दहा रुपयांत साधी हवा भरली गेली. निघता निघता पंक्चरवाल्यानं विचारलं, "स्टेपनी बघू का?"

डिकीतून खण-नारळ, ओटीची पिशवी, धपाट्यांचा डबा आणि दोन चादरी बाहेर आल्या, तेव्हा कुठे स्टेपनी दिसली. गेज लावलं. काटा हललाच नाही.

"मग हिचा दिवा का नाही लागला?" ताईनं विचारलं.

"हिला सेन्सरच नाही, ताई."

नाना एका हातात नारळ धरून डिकीत वाकून बघत होते. "टायरप्रेशरचा दिवा आणि पंक्चरकिट असलं तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा सरकारनं २०२० साली नियम केलाय. पण दिलीच आहे, तर तिलाही सेन्सर हवा. विचारतोच त्यांना."

त्यांनी वर्कशॉपचा नंबर शोधायला चष्मा काढला, तशी भावोजींनी घाईघाईनं स्टेपनीचेही दहा रुपये देऊन टाकले.