जर्मन काका

खापरखेड्यात कोणाच्या माळ्यावर जुना कातडी पट्टा सापडला, की तो जर्मनच असतो. जवळच्या कामठीची लष्करी छावणी 1821 सालची. तेव्हापासून लष्कराचं निकामी सामान कबाड्यांच्या हातगाड्यांवरून आसपासच्या गावांत पसरत आलं आहे. त्यात बहुतेक माल इंग्रजी नाहीतर देशी. पण ‘इंग्रजी’ म्हटलं तर कोणी ढुंकून पाहत नाही आणि ‘जर्मन’ म्हटलं की कबाडीसुद्धा मांडी घालून बसतो. अशा गावाला ‘नाही’ म्हणणारा एक माणूस लागतो. आमच्याकडे ते काम जर्मन काका करतात.

काकांचा जर्मनीशी संबंध शून्य. विमानात ते एकदाच बसले, नागपूर ते मुंबई, आणि तेव्हाही सगळा वेळ सीटबेल्टचं बक्कल उलटसुलट करून पाहत होते. नोकरी वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये झाली. तिथे कोळशाच्या कन्व्हेयरपासून बोटाएवढ्या वॉशरपर्यंत प्रत्येक वस्तूला नंबर आणि प्रत्येक नंबराला कार्ड. निवृत्तीनंतर नंबर द्यायला वस्तूच उरल्या नाहीत. मसाल्याच्या डब्यांवर त्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या काकूंनी सोलून टाकल्या. मग कधीतरी नातवाच्या मोबाइलवर जर्मन शिपायाच्या कमरपट्ट्याची मागची बाजू त्यांना दिसली. कारखान्याचं नाव, गाव, साल, माप, सगळं ठशात! मरायला निघालेल्या माणसाच्या पट्ट्याचीही इतकी चोख नोंद पाहून काका खलास झाले.

तपासणी बघण्यासारखी असते. वस्तू ते आधी हातात घेत नाहीत. “ठेवा तिथं.” मग ओट्यावरची राखड फडक्याने पुसायची (ती दिवसभर पुसावीच लागते, वीज केंद्राच्या चिमण्यांना सुट्टी नसते), पेपर अंथरायचा, शिंप्याची टेप काढायची. जर्मन शिपायाचा पट्टा रुंदीला साडेचार सेंटिमीटर. निम्मे उमेदवार इथेच गळतात. उरलेल्यांना काका पालथं करतात. “समोरून सारेच साहेब दिसतात जी, पालथं पाह्यल्याशिवाय माणूस समजत नाही.” सुरुवातीच्या मालावर कारखानदाराचं नाव आणि साल, युद्ध चिघळल्यावर नाव गेलं आणि शून्याने सुरू होणारा लांबलचक नंबर आला. बकलं आधी ॲल्युमिनियमची. पुढे ॲल्युमिनियम विमानांना लागलं आणि शिपायाच्या वाट्याला राखी रंग मारलेलं लोखंड आलं. हे सगळं सांगून झालं की काका पट्टा नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

“हे जर्मन नाही जी.”

हे वाक्य म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती येते, ती काकूंची पाटोडीची रस्साभाजी खाऊनही येत नाही. पुढचा तपशील समोरच्याच्या दुःखाचा विचार न करता येतो. ही कॅनव्हासची पट्टी इंग्रजांची, 1937 च्या नमुन्याची. टोकाला पितळ आहे आणि हा बाण सरकारी मालाची खूण. ही पावसाच्या रेघा मारल्यासारखी कापडी पिशवी जर्मन खरी, पण पूर्व जर्मनीची. हिटलर मेला त्याच्या वीसेक वर्षांनंतरची. आणि हा गरुडाचा ठसा असलेला काळा, करकरीत, झकास पट्टा? “हा कानपूरचा.” ही थट्टा नव्हे. महायुद्धातली लढाई हौसेने पुन्हा खेळणारे लोक युरोप-अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्या कमरेला लागणारे नकली जर्मन पट्टे आपल्याकडून जातात. एका मुलाने असा पट्टा मुंबईच्या चोर बाजारातून भरपूर पैसे मोजून आणला होता. काकांनी त्याला चहा पाजला, पण निकाल बदलला नाही.

गावानेही त्यांचा अंत पाहिलेला आहे. एक आजी भोक पडलेला गंज घेऊन आल्या. “जर्मनचा हाये बाप्पा, माह्या लग्नातला.” काकांनी तो पेपरवर ठेवून पालथा केला आणि गंभीरपणे सांगितलं, की जर्मन शिपायाचा जेवणाचा डबाही ॲल्युमिनियमचाच असे, फक्त आकार वालाच्या दाण्यासारखा, पाठीला टेकला तर टोचू नये म्हणून. आजी म्हणाल्या, “ते असू दे. हे भोक बुजते का?”

एकच जर्मन वस्तू गावात जागोजागी आहे, पण तिच्याबद्दल विचारायला कोणी येत नाही, याचं काकांना शल्य आहे. डिझेलचा जेरीकॅन! 1937 साली जर्मनांनी घडवलेला, वीस लिटरचा. इंग्रजांचे पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात गळून गळून रिकामे होत. जर्मनांचे कॅन हाती लागले तेव्हा इंग्रजांनी निमूटपणे त्यांची नक्कल केली. जेरीकॅनला वर तीन मुठी का, हे काका रस्त्यावर कोणालाही अडवून सांगतात. भरलेला असेल तर मधली एकट्याने धरायची किंवा कडेच्या दोन दोघांनी. आणि रिकामे दोन कॅन शेजारी ठेवले तर कडेच्या मुठी जुळून एका हातात येतात. हे ऐकवण्यासाठी त्यांनी एकदा ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरला जेवणावरून उठवलं होतं. ड्रायव्हरने ऐकून घेतलं. हातात रोटी होती म्हणून.

काका चिडतात ते फक्त एका गोष्टीवर. पोट्टे येतात आणि पट्टा राहतो बाजूला, “काका, हिटलर लय भारी होता न?” सुरू होतं. तेव्हा टेप गुंडाळली जाते. “साठ लाख ज्यू मारले त्यानं. भारी म्हणते लेकाचा! बकलावर लिहून होतं, देव आमच्यासंगं हाये. देव कोणासंगं होता ते 1945 ले दिसलं न?” एखादा हुशार पोट्टा मग नेताजींना मध्ये आणतो. त्यावर काकांचा आवाज उतरतो. नेताजी जर्मनीत गेले ते इंग्रजाला हाकलायला, आणि 1943 च्या फेब्रुवारीत पाणबुडीत बसून तिथून निघालेसुद्धा. त्याआधी आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी कैद्यांतून त्यांनी जर्मनीत फौज उभी केली होती. त्या आपल्या माणसांच्या अंगावर जर्मन वर्दी होती आणि बाहीवर तिरंग्यावर झेपावणारा वाघ. तो वाघ एकदा डोळ्यांनी पाहावा, ही काकांची एकमेव इच्छा. ती हेरून कोणीतरी त्यांना वाघाचं कापडी चिन्ह आणून दिलं. काका उभे राहिले, त्यांनी हात धुतले, भिंग काढलं. चिन्ह पेंचच्या व्याघ्र प्रकल्पातल्या गाइडच्या शर्टावरचं होतं.

इतकी वर्षं ‘नाही’ म्हणण्यात गेल्यावर ‘हो’ म्हणायची पाळी आली ती पोळ्याला. शेजारच्या गावात तोरणाखाली बैल उभे होते, झडत्या चालू होत्या, आणि काकांची नजर एका गोऱ्ह्याच्या गळ्यावर खिळली. घुंगरं शिवलेला काळपट पट्टा. टेप खिशात होतीच. साडेचार. गोऱ्ह्याने टेप चाटली. काकांनी पट्टा पालथा केला. घुंगराखाली अर्धा झाकलेला ठसा, 1940, आणि माप 95. एका टोकाला अडकवायचा आकडा शाबूत, बक्कल मात्र गेलेलं. त्यांनी पुन्हा मोजलं. वास घेतला, त्यात गोऱ्ह्याचाच जास्त होता. तोवर माणसं जमली होती आणि सगळे नेहमीच्या निकालाची वाट पाहत होते.

“हे जर्मन...” काका म्हणाले आणि अडकले. पुढचा शब्द तोंडाला सवयीचा होता, पण तो चालणार नव्हता.

मालकाने शांतपणे सांगितलं, आजोबा मिल्ट्रीत मोटार ड्रायव्हर होते, इटलीपर्यंत जाऊन आले, तिथून आणलेला. काकांनी नवा कोरा पट्टा देऊ केला, वर पैसेही. मालक हलेना. “काका, नायलॉनचे तीन तोडले यानं. हा तुटत नाही न.” यावर काकांकडे उत्तर नव्हतं, माल चांगला आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शेवटी कातड्याला तेल कोणतं लावायचं ते बजावून ते घरी आले आणि त्यांनी स्टोअरच्या पद्धतीने रेघा आखलेलं रजिस्टर उघडलं. कित्येक पानांवर ‘अमान्य’ असा शेरा होता. नव्या ओळीत त्यांनी लिहिलं : कमरपट्टा, कातडी, 1940, माप 95. स्थिती : वापरात. सध्या ताबा : गोऱ्हा, वय अंदाजे दीड वर्ष. पोचपावती घेणे बाकी.