उपास दुसऱ्याचा, पुण्य आपलं
(कार्बन क्रेडिट पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी)

साहित्य : विमानाचं एक तिकीट, चवीपुरती टोचणी, बँकेचं कार्ड.
वेळ : दोन मिनिटं. मुरायला शंभर वर्षं.

कृती :

१. आधी पाप मोजून घ्या. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याची पावती. लिटरभर पेट्रोल जळलं की तो साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे टनाला सव्वाचारशेहून जास्त लिटर. स्कूटरवाल्याला एवढं जाळायला काही वर्षं लागतात. मुंबईहून लंडनला जाऊन येणारा एका फेरीतच टन ओलांडतो.

२. आता उपास करणारा गाठा. आपण श्रीखंड-पुरी चापायची आणि एकादशी दुसऱ्याला धरायला लावायची, एवढाच हा व्यवहार. हसू नका, यात तथ्य आहे. हवेला गावाची शीव नसते. टन इथे वाचला काय नि ब्राझीलमध्ये वाचला काय, वातावरणाला सारखाच. १९९७च्या क्योटो करारातली क्रेडिटची सोय याच हिशेबावर उभी राहिली, आणि गरीब देशांतल्या प्रकल्पांकडे पैसा वळला.

३. उपाशाला भूक होती ना, हे तपासा. जो तसाही जेवणार नव्हता, त्याच्या उपासाचे पैसे देऊन काय मिळणार? जंगलाच्या क्रेडिटची मेख इथेच आहे : 'आम्ही नसतो तर हे जंगल तुटलं असतं.' न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा करणार कोण? २०२३च्या जानेवारीत 'द गार्डियन', 'दी त्साइट' आणि 'सोर्समटेरियल' यांच्या शोधवृत्तात म्हटलं होतं, की 'वेरा' या संस्थेने प्रमाणित केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून अधिक बहुधा पोकळ आहेत. वेराने ते अमान्य केलं.

४. स्वयंपाकघरात डोकावा. सुधारित चुलीचं क्रेडिट गोड वाटतं : सरपण कमी, बाईच्या डोळ्यांत धूर कमी. पण नव्या चुलीच्या तोंडात घरचा मोठा तवा बसला नाही, की भाकरी पुन्हा जुन्या चुलीवर, आणि नवीत कांदे-बटाटे. कागदावर मात्र ती तिन्ही त्रिकाळ पेटलेली! बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये तपासलेल्या चूल-प्रकल्पांत क्रेडिट सरासरी नऊपट फुगवलेली निघाली.

५. कचऱ्याची शेती करू नका. शीतकरणाचा एक वायू बनवताना एचएफसी-२३ हा उपवायू निघतो. उष्णता धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या अकरा हजार पटींहून भारी. तो जाळून टाकणं स्वस्त, पण त्याबद्दल मिळणारी क्रेडिट इतकी महाग, की मूळ मालापेक्षा कचऱ्याचीच कमाई जास्त झाली. अखेर २०१३मध्ये युरोपीय संघाने आपल्या बाजारात ही क्रेडिट बंद केली.

६. आगीपासून दूर ठेवा. २०२१मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या बूटलेग वणव्यात क्रेडिटसाठी राखलेलं जंगलही जळलं. अशा वेळेसाठी थोडी क्रेडिट बाजूला काढून ठेवलेली असतात, हे खरं. पण आपल्या विमानाचा धूर शतकानुशतकं टिकतो; झाडाची हमी कोण देणार?

७. तरी घ्यायचंच असेल, तर मोजता येईल असं घ्या. कचरा डेपोतला मिथेन नळीने गोळा करून जाळला, तर किती जळला हे मीटर सांगतो. मात्र तो जाळणं तिथे कायद्यानेच सक्तीचं नाही ना, हे विचारा. नाहीतर पुन्हा बिनभुकेचा उपास.

वाढताना : क्रेडिट हे लोणचं आहे. पानाच्या डाव्या बाजूला, बोटभर. आधी फेऱ्या कमी करा, जाळणं कमी करा. सिमेंटच्या भट्टीसारखं जे सहजी सुटत नाही, तेवढ्यापुरतंच ते तोंडी लावा. पानभर लोणचं वाढून त्याला जेवण म्हणणाऱ्या घरी पुन्हा जाऊ नये.