खोडायचं तर आधी नाव हवं

आमच्या नाक्यावर एक पाटी आहे. समुपदेशन, लाइफ कोचिंग, टॅरो आणि वजन घटवणे, सगळं एका ओळीत. झोप उडाली होती म्हणून तिथे गेलो. पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये.

पहिल्या खेपेला समुपदेशकांनी माझं ऐकलं. दुसऱ्या खेपेला मी त्यांचं ऐकलं. मेहुण्यानं पैसे बुडवले, सासूबाई हलायचं नाव घेत नाहीत. ‘तुमच्याशी बोललं की हलकं वाटतं हो,’ म्हणत त्यांनी माझ्याच रुमालानं डोळे पुसले. बाराशे मात्र मीच दिले. तिसऱ्या खेपेला टेबलावर प्रोटीन पावडरचा डबा. त्यानं चिंता कमी होते म्हणे, आणि खाली तीन माणसं जोडली की कमिशनही सुटतं. मग एकदा वाण्याच्या दुकानात, चार लोकांत, खणखणीत आवाजात: ‘काय, लागते का झोप? आणि भावाच्या वाटणीचं काय झालं?’ साखर तोलणाऱ्या वाण्याचे कान टवकारले. तेव्हापासून तो मला उधारी देत नाही.

बायको म्हणाली, ‘माणूस आपुलकीचा आहे.’ गोम तीच आहे. आपल्याकडे मर्यादा पाळणारा शिष्ट आणि ओलांडणारा घरोब्याचा.

भाची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ती हसली नाही. ‘मामा, त्यांचा सीआरआर नंबर विचारलास?’

मी टॅरोचं कार्ड विचारलं होतं, नंबर नाही. तर हा नंबर भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय देते. १९९२ च्या कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तिथे नाव नोंदवावं लागतं. नोंदणीशिवाय धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! माझ्या एका सेशनपेक्षा दोनशेनं स्वस्त. गैरवर्तन केलं तर नाव खोडण्याचीही सोय आहे. पण खोडायला आधी नाव हवं. पाटीवर ‘क्लिनिकल’ लिहिलं तर कायदा लागतो. नुसतं ‘समुपदेशक’ लिहिलं की माणूस या कायद्यातून मोकळा. याच कायद्याच्या यादीत श्रवणयंत्राचे आणि कानाच्या साच्याचे तंत्रज्ञही आहेत. म्हणजे कानात काय बसवायचं याला नोंदणी, कानातून आत काय ओतायचं याला नाही.

२०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आणखी एक कायदा केला, त्यात काही समुपदेशकही येतात. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापाव्यात, असं त्यातच लिहिलंय. २०२४ उजाडलं तरी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं. सरकारी सहा महिने माझ्या समुपदेशकाच्या पन्नास मिनिटांसारखे असतात, हवे तेवढे लांबतात.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहिता उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षं क्लायंटशी शरीरसंबंध नको म्हणते. कॅलिफोर्नियात उपचार चालू असताना असा संबंध ठेवणं गुन्हा आहे आणि कोणावर कारवाई झाली ते कुणालाही पाहता येतं. तिथे सगळे संत आहेत असं नव्हे. तिथे तक्रारीला पत्ता आहे, एवढंच.

इथे थट्टा थांबवतो. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात एका मानसशास्त्रज्ञाला विद्यार्थिनींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून अटक झाली. आरोप बरीच वर्षं चाललेल्या शोषणाचा आहे. पॉक्सो लागला, तपास झाला. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण पोलीस येतात ते गुन्हा घडून गेल्यावर. त्याआधीच्या पायऱ्या, म्हणजे रात्रीचे मेसेज, ‘घरी सांगू नकोस, हे आपल्यातच’, फी माफ करून ठेवलेला मिंधेपणा, यांची दखल घ्यायची असते ती शिस्तपालन समितीनं. आणि मन उघडं करून समोर बसलेल्या माणसाला यातली पहिली पायरी ओळखताच येत नाही. तो तर मायेसाठीच आलेला असतो.

मी दोन पानी तक्रार लिहिली आहे. मायना रिकामा आहे. ‘प्रति’च्या पुढे काय लिहायचं, ते भाचीलाही सांगता आलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, फी विचारण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. समोरचा चिडला, तर उठा आणि रिक्षा करून घरी या. रिक्षावाल्याकडे निदान बॅज असतो.