भांडणाचं मध्यंतर

स्वतःला कसं सुधारावं हे सांगणारी पुस्तकं माणूस नेहमी दुसऱ्याला भेट देतो. डेल कार्नेगीचं १९३६ सालचं मित्र जोडण्याचं पुस्तक मला दोन मेहुण्यांनी दिलंय, आणि दोघांशीही माझं बेताचंच जमतं. त्यामुळे आमची ही महिला मंडळात मानसशास्त्रावरचं व्याख्यान ऐकून, वही भरून घरी आली, तेव्हा सुधारणा कुणाची व्हायची आहे याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

"अहो, एका उण्या शब्दाला पाच बरे लागतात," तिनं जाहीर केलं.

हा हिशेब जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी चक्क फ्लॅटसारखी प्रयोगशाळा थाटली होती. नवरा-बायकोला बोलायला बसवायचं, कॅमेरे लावायचे, नाडी मोजायची. ज्यांचे संसार टिकतात, त्यांच्यात वाद चालू असतानासुद्धा एका उण्यामागे पाच बऱ्या गोष्टी घडतात, असं त्यांना दिसलं. हसणं, मान डोलावणं हेही त्यात जमेला धरतात. डोळे फिरवून तुच्छता दाखवणं मात्र सगळ्यांत घातक. (आमच्या घराण्यात ही कला वडिलोपार्जित आहे.)

आता आमटीत मीठ जास्त झालंय एवढं म्हणायचं, तर आधी भात मोकळा झालाय, पोळ्या मऊ आहेत, कोशिंबीर ताजी आहे, साडी खुलून दिसतेय... पाचवं काही सुचेना. तेवढ्यात तीच म्हणाली, "एवढं कौतुक? काय झालंय आमटीला?"

गॉटमन यांचा दुसरा सल्ला मला जास्त पटतो. भांडताना नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं काही डोक्यात शिरत नाही. मग निदान वीस मिनिटं थांबावं, आणि त्या वेळात पुढचे टोमणे जुळवत बसू नये. प्रयोगात त्यांनी 'यंत्र जरा नीट करायचंय' अशी थाप मारून जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला लावली होती. नंतर नाडीही उतरली आणि आवाजही. बुवांनी काम पक्कं केलंय, यात वाद नाही. फक्त ते डोंबिवलीच्या वन बीएचकेत राहिले नव्हते. इथे नजरेआड व्हायला जागा एकच: गॅलरी. वाळत घातलेल्या चादरीमागे जाऊन मी उभा राहिलो, तर समोरच्या गॅलरीत शेजारचे काका बनियनवर, हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. काकूही त्याच व्याख्यानाला होत्या.

"तुमची किती राहिली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"अकरा. तुमची?"

"माझी मगाशीच झाली. पण इथे वारा बरा येतो."

थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो, झाली वीस! या आत. तुमच्या आत्यापर्यंत आलो होतो आपण."