रात्रपाळीला सिस्टर किती?

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची आरडीएसओ ही संस्था आहे. रूळ कसा असावा, डबा कसा असावा, ब्रेक कसा असावा, हे तिथे ठरतं. मानकात न बसणारा ब्रेक गाडीला लावता येत नाही. तीस खाटांचा वॉर्ड मात्र एका सिस्टरवर रात्रभर चालवता येतो.

वॉर्डासाठी मानक नाही, असं थोडंच आहे? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी तीस टक्के जादा. तुमच्या जिल्हा रुग्णालयात हे कधी दिसलंय?

तिथे ऐकू येते ती एकच तक्रार. ‘सिस्टर फार खेकसतात.’

खेकसणारच. सहा नंबरचं सलाईन संपलंय, अकरा नंबरला धाप लागलीय, केसपेपर भरायचेत आणि कुणीतरी चौथ्यांदा विचारतंय, ‘आईचा रिपोर्ट आला का?’ त्या मुलाचं तरी काय चुकलं? डॉक्टर राऊंड घेऊन गेले, आपसात इंग्रजीत बोलले. आईला नेमकं काय झालंय, हे त्याला सकाळपासून कुणी सांगितलेलं नाही. खांद्यावर हात ठेवून सांगायला दोनच मिनिटं लागतात.

ती दोन मिनिटं सिस्टरने आणायची कुठून?

१२ मेला परिचारिका दिन असतो. त्या दिवशी गुलाबपुष्प मिळतं, सेवाभावावर भाषण होतं. रिक्त पदं १३ मेलाही रिक्तच असतात.

सेवाभाव पाहायचा तर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाचा पाहा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटला. अरुणा पुन्हा उभी राहिली नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. मधली साडेएकेचाळीस वर्षं तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलून दिली ती केईएमच्या परिचारिकांनी. तिला पहिल्या दिवसापासून ओळखणाऱ्या निवृत्त झाल्या, तिला कधी चालताना न पाहिलेल्या मुली ड्युटीवर आल्या. सेवा खंडली नाही.

इतक्या वर्षांत अरुणाला एकही बेडसोर झाला नाही, असं रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नका. बेडसोर टाळायचा तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. म्हणजे दिवसाला बारा वेळा. दिवाळीला बारा वेळा, २६ जुलैच्या पुरातही बारा वेळा.

ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करायची म्हणून महापालिकेने तिला हलवायचं ठरवलं. परिचारिका आडव्या आल्या. पालिका गप्प बसली.

पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणासाठी दयामरण मागितलं. त्यांचा कळवळा खोटा नव्हता. पण ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्ताच्या नात्याचं कुणी जवळ नव्हतं, तिथे सिस्टर घरच्या झाल्या.

बाकी वॉर्डांत उलटं चालतं. तिथे घरचेच सिस्टर होतात.

बेडपॅन द्यायचं कुणी? बायकोने. रात्री कूस बदलायची कुणी? सुनेने. खाटेखाली सतरंजी टाकून झोपायचं, ‘नातेवाईक बाहेर व्हा’ म्हटलं की जिन्यात बसायचं, ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ म्हटलं की धावत आत यायचं. हे सगळं कसं करायचं, ते मात्र कुणी शिकवत नाही. डिस्चार्जच्या दिवशी लघवीच्या नळीसकट माणूस हातात देतात आणि एक कागद. ती नळी कशी जपायची हे समजावून सांगणं हेही नर्सिंगच आहे, तेवढंच महत्त्वाचं.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. कंत्राटी भरती नको, ही प्रमुख मागणी. आपण काय म्हटलं? रुग्णांचे हाल होतात. खरंच होत होते. पण अकरा महिन्यांच्या करारावर बोलावलेल्या मुलीकडून आपण केईएमची चार दशकं मागतो, हे कुणाला खटकलं?

पुढच्या वर्षी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं. खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. अपुऱ्या मनुष्यबळाची ओरड तेव्हाही झाली. झाडू लगेच सापडला. माणसं?

परिचारिकांच्या संघटनेची या देशातली सुरुवात १९०५ मध्ये झाली, तीही लखनौलाच. परिचारिका अधीक्षकांच्या त्या संघटनेतूनच पुढे ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. शंभराहून अधिक वर्षं या बायका माणसं द्या म्हणताहेत. त्यांच्या मागे रुग्णांचे नातेवाईक कधी उभे राहिले नाहीत. ते कायम समोर उभे राहिले, आवाज चढवून.

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं कुणी अॅडमिट असेल, तर सिस्टरवर ओरडू नका. अधीक्षकांच्या केबिनमध्ये जा आणि विचारा : या वॉर्डात आज रात्री सिस्टर किती आणि नियमाने किती हव्यात? उत्तर लेखी मागा. मिळालं की आपल्या आमदाराच्या हातात द्या आणि पदं भरेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका.