बांबू ऑटोवर आहे

लाइट आल्याचं हिंजवडीजवळच्या आमच्या जांबे गावात कुणी कुणाला सांगत नाही. मोटरीच सांगतात. शिवारात एकदम घों करून आवाज उठतो, दिवे पिवळे पडतात, आणि दोन मिनिटांनी कधी कधी सगळंच गप्प होतं. डीपी गेली!

यात दोष कुणाचाच नाही. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री दोनला. त्या वेळी बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धास्तीनं बांधाबांधानं स्टार्टरपर्यंत जायचं कुणी? म्हणून पेटीत ऑटो स्विच बसला. लाइट आली की तो मोटर चालू करतो, मालक घोरत असला तरी. एकानं बसवला तर शहाणपणा. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनी बसवला, की सगळ्यांचे शहाणपणे एकाच क्षणी जागे होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी बिचारी एकटी.

‘ऑटो काढा, कपॅसिटर लावा’ अशी विनवणी महावितरण वर्षानुवर्षं करतंय. लोकांना ती मनापासून पटते. इतकी, की जो तो ती शेजाऱ्याला सांगतो.

‘‘नाना, तुमचा ऑटो काढा की.’’

‘‘काढतो ना. आधी वरच्या वावरातल्याला काढू दे.’’

नानांचं चुकतंय कुठं? आपण काढला तर आपण अंथरुणात आणि वरच्याचा ऊस भिजलेला.

जेम्स वॉटनं 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर गव्हर्नर बसवला. दोन लोखंडी गोळे, गरगर फिरणारे. इंजिन भरधाव सुटलं की गोळे फाकायचे आणि वाफेची झडप आवळायची. मंदावलं की गोळे खाली, झडप उघडी. म्हणजे आपल्या करणीचं पुढं काय झालं, हे त्या गोळ्यांना कळत होतं. नानांचा ऑटो फक्त लाइट बघतो. डीपीचं काय झालं, हा विषय त्याच्या खात्यात येत नाही. (खातं हा शब्द आपसूक आला. राहू द्या.)

तिकडं ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्रात माणसं अख्ख्या महाराष्ट्राच्या विजेवर डोळा ठेवून बसलेली असतात. काटा पन्नास हर्ट्झच्या आसपास राहायला हवा. मागणी चढली की कोयनेतून वीज वाढवायची, उतरली की कमी करायची. तिथं वॉटचे गोळे अजून फिरतायत म्हणा ना. जांब्यापर्यंत येता येता मात्र कुठंतरी गळून पडतात.

कारण गावही ऑटोवरच आहे. बांधकामाची परवानगी पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणाकडं, नळ ग्रामपंचायतीकडं, आणि हिंजवडी, मारुंजी, माणसोबत पिंपरी-चिंचवड महापालिकेत जायची चर्चा कित्येक वर्षं नुसतीच गरम. फाइल आली की परवानगीची मोटर चालू. त्या मजल्यांना पाणी कुठून, हे बघणारा गोळा त्या पेटीत बसवलेलाच नाही. टँकर मात्र बरोबर बघतो. अख्ख्या गावात ‘मागणी तसा पुरवठा’ समजलेलं यंत्र ते एकच.

आमच्या सोसायटीत तर ऑटोचाही ऑटो आहे. खालच्या टाकीत सेन्सर, वरच्या टाकीत सेन्सर, मध्ये लाल-हिरव्या दिव्यांचं पॅनेल. मागच्या उन्हाळ्यात वरच्या सेन्सरवर शेवाळ धरलं. टाकी भरली तरी पॅनेल म्हणे, रिकामी आहे. पहाटे चारला गच्चीवरून पाणी कोसळत होतं आणि सात वाजता गेटवर टँकरचं बिल फाडलं जात होतं. मीटिंग झाली. नवा, महागडा सेन्सर आणायचं ठरलं. कोटेशन अजून येतंय.

तोवर वॉचमन काकांनी आपला बंदोबस्त केलाय. एक लांब बांबू, त्यावर ऑइलपेंटच्या तीन रेघा. रात्री साडेदहाला ते गच्चीवर जातात, झाकण सरकवतात, बांबू टाकीत बुडवून बाहेर काढतात आणि टॉर्च मारून ओल कुठवर आलीय ते बघतात. वरच्या रेघेला टेकली असेल तर खाली येऊन मोटर बंद करतात. वहीत वेळ लिहितात, खाली सही करतात.

पॅनेलवर तेव्हाही हिरवा दिवा असतो. ऑटो.