शाळा बंद, तपासणीही बंद

"पोट्ट्याचा कान फुटला हाये, पावसाळा सरला का थांबते." यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य नाक वाहतंय म्हणावं इतक्या सहज बोललं जातं. लसणाचं कोमट तेल, कापसाचा बोळा, आणि पोरगं पुन्हा खेळायला. हे थांबलं पाहिजे. फुटलेला कान हा आजार आहे. कधीकधी तो जिवावर बेततो. आणि महामारीत तो हुडकायची आपली सर्वांत भरवशाची वाटच बंद झाली होती.

ही वाट म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 च्या फेब्रुवारीत तो पालघरमधून, म्हणजे आपल्याच राज्यातून, सुरू झाला. आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जायचं आणि एकदा शाळेत. कानाचा संसर्ग आणि कमी ऐकू येणं ही दोन्ही दुखणी त्याच्या यादीत आहेत. झरी-जामणीच्या आईला यवतमाळचा दवाखाना शंभर किलोमीटरच्या आसपास पडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत नुसत्या वाहत्या कानासाठी ती मजुरी बुडवणार नाही, आणि त्याबद्दल तिला बोल लावायचा अधिकार कुणालाच नाही. पथक गावात येतं, म्हणूनच तिच्या लेकराचा कान कुणीतरी बघतं.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला 1 डिसेंबर 2021 उजाडला. आरोग्य कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपले गेले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं सरकार म्हणत होतं. शाळेतली तपासणी कशी सुरू राहील, हे मात्र कुणी बोललं नाही. 2021 च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेने राज्यात डोकं वर काढलं ते अमरावती, अकोला आणि आपल्या यवतमाळातूनच. त्याआधी दोनच आठवडे, 31 जानेवारीला, घाटंजी तालुक्यातल्या कापसीकोपरीत पोलिओच्या थेंबांऐवजी 12 बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं होतं. मुलं वाचली. देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. पण त्याच काळात ज्यांच्या कानातून पू येत होता त्यांची बातमी होणं शक्यच नव्हतं, कारण कान हळूहळू जातो.

शस्त्रक्रियेचं दारही लोटलं गेलं. जुलै 2020 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी कोविडने गेलेल्या तीन जणांचं शवविच्छेदन प्रसिद्ध केलं. त्यांतल्या दोघांच्या मधल्या कानात किंवा कानामागच्या हाडात विषाणू सापडला. ते हाड ड्रिलने कोरताना उडणारे कण शल्यचिकित्सकाला धोक्याचे ठरतील या भीतीने तातडीच्या नसलेल्या कानाच्या शस्त्रक्रिया जगभर आधीपासूनच पुढे ढकलल्या जात होत्या. ते योग्यच होतं. मग 2021 च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली आणि नाक-कान-घसा तज्ज्ञ तिच्याशी झुंजण्यात गुंतले. तेही योग्यच. पण पडदा फाटलेल्या पोराचा नंबर दोन्ही वेळा मागे गेला.

युरोप-अमेरिकेत टाळेबंदीत मुलांचे कान दुखणं घटलं, कारण सर्दीच एकाची दुसऱ्याला लागेना. लहान मुलाच्या नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी पटकन कानात उतरते. निर्बंध उठल्यावर जंतू दुप्पट जोमाने परतले. डिसेंबर 2022 मध्ये युरोपातल्या काही देशांत लहान मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकसचे गंभीर संसर्ग वाढल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने घेतली. आपलं दुखणं मात्र वेगळं आहे. आधीच फुटलेला, वर्षानुवर्षं वाहणारा कान टाळेबंदीने बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्याच 2004 च्या अहवालात असा कान सर्वाधिक आढळणाऱ्या देशांच्या गटात भारत होता.

आता वर्गात चला. मागच्या बाकावरचं पोरगं हाक मारली तर ओ देत नाही. शुद्धलेखन चुकतं, पाठ मागे पडतो. महामारीनंतर या सगळ्याला 'अध्ययन क्षती' हे एकच नाव मिळालं. त्यावर कार्यपुस्तिका आल्या, सेतू अभ्यास आला. पण ज्याला बाईंचं अर्धं बोलणं ऐकूच येत नाही त्याला सेतू अभ्यासाने काय होणार? त्याला मठ्ठ म्हणण्याआधी त्याच्या कानात बघा. साध्या टॉर्चने पडदा नीट दिसत नाही, त्यासाठी ओटोस्कोप लागतो. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक पथकाच्या पिशवीत असलाच पाहिजे. महागड्या यंत्रांची उद्घाटनं नंतर करा.

त्या काळातली एक गोष्ट मात्र भल्याची झाली. न्यूमोकोकसची लस 2021 मध्ये महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नववा महिना, तिन्ही डोस मोफत. हा जंतू कानाच्या संसर्गाचं एक मोठं कारण आहे. लस घेतली की कान कधीच फुटणार नाही असं नाही, पण धोका कमी होतो. आशाताई तारीख सांगतील ती चुकवू नका.

आणि तेल घालू नका. बिडीचा धूर नको, पिन-काडी नको. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहिलेला कान डॉक्टरला दाखवायचाच. पू थोडा पण घाण वासाचा असेल तर आतलं हाड झिजत असण्याची शक्यता असते. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, ताप, उलटी, डोकेदुखी सुरू झाली किंवा तोंड वाकडं झालं, तर रात्र उलटू द्यायची नाही. संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या.

2020 मध्ये पहिलीत नाव घातलेली पोरं आता सहावीत किंवा त्यापुढे आहेत. त्यांची हजेरीपत्रकं शाळांकडे आहेत, तेव्हाच्या अंगणवाडीतल्या बालकांची नावं सेविकांकडे आहेत. सोळाही तालुक्यांत ती नावं काढून या पोरांचे कान आणि श्रवण तपासा. सुरुवात झरी-जामणी, मारेगाव आणि केळापूरपासून करा, आणि ज्यांना शस्त्रक्रिया लागेल त्यांना यवतमाळला न्यायला गाडी द्या.